जीवटॅग

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

पितळेची वाटी, काठाला पोचा आलेली. आज दिवसभर तीच डोळ्यांपुढे.

वाटणी झाली त्या वर्षीची गोष्ट. दोघा भावांचं बोलणं बंद. शेताच्या मधोमध नवा धुरा, मातीचा बांध. धुऱ्याच्या अलीकडे आमचं शेत, पलीकडे माझ्या मोठ्या जावेचं, इंदुताईंचं. दुपारच्या जेवणाला मी अलीकडून धुऱ्याला पाठ टेकून बसायचे, त्या पलीकडून. तोंडं दोन दिशांना. कुणी पाहिलं तर म्हणेल, काय भांडल्यात! आणि मागच्या मागे वाटी सरकायची. अंबाडीची भाजी, कधी झुणका. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही सासूबाईंची शिकवण. शेत वाटलं गेलं, ती मात्र दोघींकडे अख्खी राहिली. एकदा माझ्याजवळ द्यायला काही उरलंच नव्हतं. मी हाताशी आलेल्या तुरीच्या शेंगा तोडून वाटीत टाकल्या. पलीकडून आवाज — "काय व कानव्हेंट, बकरी समजली का मले?" दोघी खदखदून हसलो. माणसं वळून बघायला लागली, तशा पुन्हा गप्प!

कानव्हेंट म्हणजे मी. यवतमाळला सिस्टर लोकांच्या शाळेत शिकले म्हणून इंदुताईंनी लग्नाच्या मांडवातच हे नाव पाडलं. आता केस पांढरे झाले तरी तेच.

हे सगळं आठवायचं कारण — सकाळी दिपालीचा फोन. दिपाली आमच्याकडची कृषी सहायक. सामूहिक शेततळ्याच्या सोडतीत आमचं नाव निघालं! पाणी जमिनीत आणि जमिनीवर धरून ठेवा म्हणून सरकार अनुदान देतं, पण या योजनेत अट अशी, की दोन शेतकऱ्यांनी एकत्र यायचं. एक इंदुताई, एक मी. आणि उताराचं पाणी जिथे येऊन थांबतं ती जागा नेमकी एकच आहे. धुरा.

१२ फेब्रुवारी

इंदुताईंना सांगायला गेले. म्हणाल्या, "अनुदान भेटते त ठीकच हाये. पन धुरा जाईन ना नक्की?"

१७ फेब्रुवारी, सोमवार

नयन घुश्शातच आला. इंदुताईंचा मुलगा, शेती तोच बघतो. "काकू, बाबानं जाताना काय सांगतलं होतं, तुमाले मालूम हाये. धुऱ्याले हात लावाचा नाई."

मालूम आहेच. भगवानराव, माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, शेवटच्या दुखण्यातही धुऱ्याचीच चौकशी करायचे. दरवर्षी नांगरताना एक जण नांगराची एक ओळ इकडे सरकतो, पुढच्या वर्षी दुसरा तिकडे. धुरा कोरतात म्हणतात, तो असा. सख्खे भाऊ त्यावरूनच तुटले. दोघेही आता नाहीत. धुरा आहे.

तेवढ्यात मागून इंदुताई आल्या, काठी टेकत. आमच्या दोन घरांमधली लेन ओलांडली तरी दम लागतो त्यांना आता. ओट्यावर बसल्या, श्वास गोळा केला आणि म्हणाल्या, "तुह्या बापानं काय सांगतलं? धुरा कोरू नोको. मंग? आपन कोरून राह्यलो का? आपन आख्खा उचलून राह्यलो!"

नयन रागावूच शकला नाही. हसतच गेला.

काय बाई आहे ही! चौथीपर्यंत शाळा. वकिलाला गार करील.

१९ फेब्रुवारी

हसण्यावारी नेलं तरी खरं ते खरं. इंदुताईंचं हृदय थकलंय. नोव्हेंबरात यवतमाळच्या दवाखान्यात आठ दिवस होत्या. डॉक्टर म्हणाले, झडप खराब आहे, नागपूरला ऑपरेशन करा. त्या म्हणाल्या, "या वयात मले उसवून पुन्हा शिवता कायले?" मग उरल्या फक्त गोळ्या. त्याही घेत नाहीत. नयनने सांगितलं, तुळशीच्या कुंडीत पुरलेल्या सापडल्या! "काकू, तुमी सांगा. तुमचंच आयकते ते."

माझंही ऐकत नाहीत. पण रोज जायला हवं.

अंजूचा नागपूरहून फोन. "आई, बी.पी.ची गोळी घेतलीस?" घेतली म्हणाले. खोटं. हे होते तेव्हा सकाळच्या चहाच्या बशीत गोळी ठेवून कप पुढे करायचे. दोन वर्षं झाली, बशी रिकामीच येते. मीच ठेवते ना आता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिला फोटो!

दिपाली स्कूटीवर आली. ऊन मी म्हणत होतं. या मुलीचं मला फार कौतुक वाटतं. चार गावं एकटीकडे, पण कुणाच्या शेतात पाणी कुठून शिरतं हे ती बोटाने हवेत काढून दाखवते. आमच्या शेतावरचा सालदार डोमाजी तिला म्हणाला, "मॅडम, फोटो काढून तुमी जासान. पानी कोन आनते?" ती म्हणाली, "पाणी वरचा आणतो, डोमाजीभाऊ. ते पळून जाऊ नये एवढंच माझ्याकडे आहे."

दोघींना धुऱ्यावर उभं केलं. फोन समोर धरून समजावलं — जिओटॅग फोटो लागतो. खोदायच्या आधी एक, खोदताना एक, तळं भरल्यावर एक. तिन्हींत दोघी पाहिजेत.

"जीवटॅग?" इंदुताईंनी कान पुढे केला. "म्हंजे जीव हाये का नाई, ते पायतात?"

मला हसू फुटलं. पण त्यांचं चुकलं कुठे? मागच्या वर्षी शेजारच्या मथुराबाईंचा निराधार योजनेचा पगार थांबला होता, हयातीचा दाखला दिला नाही म्हणून. बाई समोर जिवंत उभी, आणि कागदावर नाही! तर सरकार म्हणजे जीव तपासणारच.

"दोघींचाही जीव पायजे?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"दोघी पाहिजेत, काकू," दिपाली म्हणाली.

"अन् तिसऱ्या फोटोच्या आंधी एखादी गेली त?"

मला ते ऐकवेना. झाडाखाली थर्मास ठेवला होता, तो आणायच्या निमित्ताने गेले. परत आले तर दोघी हसत होत्या.

"जवळ या, इकडे बघा," दिपाली म्हणाली. या धुऱ्यावर आम्हा दोघींची तोंडं पहिल्यांदाच एका दिशेला झाली.

२८ फेब्रुवारी

अजब! आज गेले तर इंदुताई गोळ्या पुढ्यात मांडूनच बसल्या होत्या. "आन पानी. जीवटॅग बाकी हाये ना अजून दोन."

मी तोंड उघडलं होतं. जिओ म्हणजे पृथ्वी. फोनला फक्त जागा कळते, जीव कळत नाही. भूगोलाच्या तासाला सिस्टर फिलोमिनांनी मला फळ्यासमोर उभं करून पाठ करून घेतलं होतं. पण त्यांच्या तळहातावरची गोळी पाहिली आणि तोंड मिटलं. पाणी आणून दिलं.

मग म्हणतात कशा — "अन् तुही? दोघींचा जीव लागते. माहा राहीन अन् तू टपकशीन, मंग अनुदान अडकन ना व!"

मी म्हटलं, घरी घेते.

"घरी नाई. इथं. माह्यासमोर."

३ मार्च

माझं गोळ्यांचं पाकीट आता इंदुताईंकडेच राहतं. नयनने त्यांना सात खणांचा प्लास्टिकचा डबा आणलाय, वार लिहिलेला. त्यात त्यांच्या गोळ्या. माझं पाकीट शेजारी. सकाळी चहा, मग दोघींनी एकदम जीभ बाहेर काढून दाखवायची. खुशी, त्यांची नात, बघून लोळते हसून.

९ एप्रिल, बुधवार

अंबाडीची भाजी आली, वाटीत. तीच पोच्याची. मी परत पाठवताना मुद्दाम तुरीच्या शेंगा घातल्या. तूर केव्हाच निघाली. तुराट्यांचा सगळा ढीग धुंडाळून वाळलेल्या चार मिळाल्या! लेनपलीकडून खोकला आणि हसू एकदम ऐकू आलं.

२२ एप्रिल, मंगळवार

धुरा मोडला.

जेसीबी सकाळी आला. चालवणाऱ्याला नयनने थांबवलं. आईशिवाय सुरू करायचं नाही म्हणाला. तोच नयन! इंदुताईंना बैलगाडीत गादी घालून आणलं. त्यांनी धुऱ्याच्या मातीला हात लावला, कपाळाला लावला. भगवानरावांशी काय बोलल्या त्यांचं त्यांना ठाऊक. मग मला म्हणाल्या, "तू बी घे. तुह्या नवऱ्याचा बी होता."

माती हातात घेतली. ढेकूळ बोटांत फुटलं. हे किती रात्री झोपले नव्हते या मातीपायी. मला रडू आलं, आणि इंदुताईंना नाही. त्या जेसीबीवाल्यावर ओरडत होत्या — "त्या कडच्या सीताफळाले हात लावशीन त पाहाय!" धुऱ्याच्या टोकाची सीताफळाची झाडं राखली. बाकी सगळा धुरा तळ्याच्या पाळूवर, काठाच्या भरावावर गेला. म्हणजे तो आहेच. फक्त आता मधे नाही, भोवती आहे.

दुसरा फोटो झाला. मागे खड्डा, पुढे आम्ही. इंदुताई काठी सोडून उभ्या राहिल्या. सरकारला काठी दिसली तर एक जीव अर्धा धरतील म्हणाल्या.

८ मे

तळाला प्लास्टिकची पन्नी अंथरली. काळी, चकचकीत. नयन, डोमाजी आणि गावातली पोरं, सगळ्यांनी मिळून चारी बाजूंनी ओढून. दिपाली बूट काढून स्वतः आत उतरली, सांधे तपासायला. एक सांधा तिला पसंत पडला नाही, पुन्हा करून घेतला. सरकारी माणसं कशी असतात यावर आम्ही आयुष्यभर विनोद केले. ही मुलगी पाहिल्यापासून मला ते विनोद सांगवत नाहीत.

२ जून

इंदुताईंच्या पायांवर सूज. बोट दाबलं की खळगा राहतो. डॉक्टरांनी गोळी वाढवली. घेतात. कुरकुर नाही.

माझी कुरकुर झाली तर मात्र — "काहून तोंड वाकडं करतं? गोड गोळी सरकार देत नाई."

३० जून

तळ्यात जेमतेम घोटाभर पाणी. सोयाबीन उगवलं, पण पाऊस सरी देऊन पळतो. इंदुताई रोज विचारतात, "कुठवर आलं?" डोमाजी हाताने दाखवतो. काल घोटा दाखवला, आज पोटरी. खोटं दाखवतोय हे मला कळतं. आजकाल या घरात आम्ही सगळेच त्यांच्याशी थोडं थोडं खोटं बोलतो.

माझी चुकीची समजूत मी कधीच दुरुस्त केली नाही, हेही त्यातलंच. म्हणजे त्यांची चुकीची समजूत. बघा, लिहितानाही गोंधळ!

१३ जुलै, रविवार

अंजू आली होती. यंत्र घेऊनच. बी.पी. मोजलं, पुन्हा मोजलं. "आई! किती छान आलंय! काय करतेस तू?"

मी म्हटलं, शेततळं.

२५ जुलै, शुक्रवार

तीन दिवसांची झड. तळं भरलं! सगळा उतार आला, गढूळ, वाटेतला कचरा घेऊन. सांडव्यातून जास्तीचं वाहून जातंय. नयनने फोनवर व्हिडिओ करून आणला. इंदुताईंनी फोन छातीवर धरला आणि डोळे मिटून नुसता पाण्याचा आवाज ऐकला.

भरलेल्या तळ्याने आनंद व्हायला हवा. झालाही. आता तिसरा फोटो.

तो झाला की मग? पुढे कशासाठी घेतील त्या गोळ्या?

२८ जुलै

दिपालीला गाठलं. डिग्रसच्या बसस्टँडवर, ती ऑफिसला निघाली होती. सरळ सांगून टाकलं, तिसरा फोटो लांबव. जमेल तितका.

ती म्हणाली, "काकू, अनुदान त्याशिवाय निघणार नाही तुमचं."

माहीत आहे, म्हटलं. इंदुताईंना वाटतं तो जीवटॅग आहे. त्या भरवशावर त्या टिकून आहेत. मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दिपाली काहीतरी बोलणार होती. माझा हात धरला. "मोजमाप वर पाठवावं लागतं, काकू. दोन आठवडे थांबते. त्यापुढे नाही होणार माझ्याकडून." नियम मोडणारी नाहीच ती. वाकली एवढंच खूप.

सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, खोटं हे उसनं भांडं असतं, परत करावंच लागतं. मग म्हटलं, परत करीन. भरून.

४ ऑगस्ट

इंदुताई — "काहून नाई येत तुही ते पोरगी? तळं भरलं ना?"

मी — कामात आहे, पंचनामे चालू आहेत.

माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग डबा पुढे केला. "घे. आज तुही आंधी."

११ ऑगस्ट, सोमवार

तिसरा फोटो.

डॉक्टर चालू नका म्हणाले होते. डोमाजी आणि नयन यांनी खुर्ची उचलून पाळूवर नेली. वर पोचल्यावर इंदुताई म्हणाल्या, "उतरवा. मी काही गनपती नोहे." उभ्या राहिल्या. हिरवं लुगडं, नवं. माझ्या खांद्यावर हात. तो हात इतका हलका होता, की मी त्याच्यावर हात ठेवून पाहिला, आहे ना म्हणून.

समोर पाणी. अलीकडचं आणि पलीकडचं असं काही त्यात दिसत नव्हतं.

"इकडे बघा, काकू."

"पाहून राह्यलो ना व!" त्या बघत होत्या पाण्याकडे. दिपालीने तसाच काढला. फोटोखाली आकडे उमटले, जागेचे. इंदुताईंनी फोन जवळ घेऊन पाहिला.

"आला का जीव?"

"आला," दिपाली म्हणाली.

"दोघींचा?"

"दोघींचा."

"मंग झालं."

१२ ऑगस्ट

घाबरतच गेले. डबा उघडाच होता, पाणी भरलेलं होतं. माझ्याआधी त्यांनी गोळी घेतली. मी वेडीच. उगाच पंधरा दिवस त्या मुलीला अडकवलं.

पण का घेतली? विचारायची हिंमत झाली नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

पहाटे इंदुताई गेल्या. झोपेतच.

२६ ऑगस्ट

सकाळी सवयीने निघाले. लेन ओलांडली. मग परत आले. बशी रिकामी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

तेरवी झाली. पाहुणे पांगल्यावर दिपाली ओट्यावर माझ्याजवळ बसली. म्हणाली, काकू, मला आता राहवत नाही. पहिल्या फोटोच्या दिवशी तुम्ही थर्मास आणायला गेलात ना, तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं, जिओ म्हणजे जमीन, जीव नाही. त्या हसल्या. "समजलं मले. पन त्या कानव्हेंटले नोको सांगू. नवरा गेल्यापासून गोळी घेत नाई ते."

मागून नयन आला. हातात तो सात खणांचा डबा. उघडला — रविवारपासून शनिवारपर्यंत, सगळ्या माझ्या गोळ्या. माझी रिकामी पाकिटं त्या फेकू द्यायच्या नाहीत, सरकारला दाखवायची आहेत म्हणायच्या. उशीखाली ठेवलेली होती. त्यावरचं नाव दाखवून नयनने दुकानातून आणल्या. आई सांगून ठेवून गेली होती म्हणाला. कुणाला काय द्यायचं ते. त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते —

"धुऱ्यावरचे पयले सीताफळ दिपालीले. तळ्याचं पयलं पानी डोमाजीच्या वांग्याले, मंग आपल्या हरभऱ्याले. हिरवं लुगडं मथुराबाईले, तिले म्हना जित्या मानसाचं हाये. वाटी खुशीले. अन् डबा कानव्हेंटले. रिकामा देऊ नोको."